मदत किती, याआधी मदत कधी

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले, की दर वर्षी तोच वाद नव्यानं पेटतो. एक बाजू म्हणते, करदात्यांच्या पैशांवर किती जणांना फुकट शिकवणार? ज्याला शिकायचं आहे त्यानं कर्ज काढावं आणि नोकरी लागल्यावर फेडावं. दुसरी बाजू म्हणते, सरकारनं घोषणा केली, पैसा कुठाय? पहिलीपासून पदवीपर्यंत सगळं मोफत करा. मग कुठल्या जातीला किती, कुणाला शंभर टक्के आणि कुणाला पन्नास, यावर गाडी येते आणि शेवटपर्यंत तिथंच अडून राहते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हा वाद मी तावातावानं होताना ऐकला आहे. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक आहेत. तरीही दोघं चुकीच्या प्रश्नाला धरून बसली आहेत, असं मला ठामपणे वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला किती मदत मिळणार, हे प्रवेशाचा निर्णय होण्याआधी घरच्यांना रुपयांत कळलं पाहिजे आणि ती रक्कम फी भरायच्या तारखेआधी पोचली पाहिजे. वर्ष उलटून गेल्यावर खात्यात आलेला पैसा बापानं मधल्या काळात उचललेल्या कर्जाकडे जातो. शिकायचं की नाही, काय शिकायचं, कुठं शिकायचं, हे सगळं तोवर ठरून गेलेलं असतं. मदतीची रक्कम वाढवायला हवी का, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण उशिरा आणि न कळता मिळणारी मदत दुप्पट केली, तरी ज्या घरानं जूनमध्येच माघार घेतली त्याला तिचा काही उपयोग नाही.

योजना नाहीत, असं कुणी म्हणू नये. अनुसूचित जातींसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासून चालू आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर शिक्षण शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो. खुल्या प्रवर्गातल्या 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला राजर्षी छत्रपती शाहू महाराज यांच्या नावाच्या योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्म्याऐवजी पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. राहण्या-जेवणासाठी अनुसूचित जातींना स्वाधार, आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा निर्वाह भत्ता, ओबीसींना सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आहे. एवढं करणारी राज्यं देशात फार नाहीत, हे मान्य करायला मला अडचण नाही.

पण ही यादी वाचून साक्री तालुक्यातल्या एखाद्या बापाला आपल्या मुलीला नेमकं काय भरावं लागेल, ते सांगता येईल का? समजा घर ओबीसी, जमीन पाच एकर कोरडवाहू, मुलीचा नंबर नाशिकच्या खासगी अभियांत्रिकी कॉलेजात लागतोय. ‘मुलींना शिक्षण मोफत’ हे त्यानं ऐकलेलं असतं. माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क पावतीवर वेगळ्या ओळीत असतं, हे कॉलेजच्या खिडकीपाशी गेल्यावर कळतं. माफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून आलेल्या प्रवेशाला आहे, व्यवस्थापन कोट्याला नाही, हे कधीकधी प्रवेश झाल्यानंतर कळतं. वसतिगृह आणि मेस या माफीत धरलेलीच नाहीत, आणि साक्रीची मुलगी नाशिकला रोज ये-जा करू शकत नाही. त्याशिवाय तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, जात पडताळणी, अधिवास, आधारशी जोडलेलं बँक खातं, हे सगळं लागतं. राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला की कॉलेजच्या क्लार्ककडे स्क्रुटिनी, मग विभागाकडे. मधेच कुठल्याशा कागदासाठी अर्ज ‘सेंड बॅक’ होतो, तो झाल्याचं मुलीला महिनाभर कळत नाही. सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण, आदिवासी विकास, उच्च व तंत्रशिक्षण, अल्पसंख्याक विकास, प्रत्येक विभागाची योजना वेगळी आणि अटी वेगळ्या. मार्गदर्शन कोण करतं? तालुक्याच्या गावातला सायबर कॅफेवाला. तो बिचारा मन लावून करतो, पण एवढ्या मोठ्या निर्णयाचा भार त्याच्यावर टाकायचा हे आपल्या व्यवस्थेला शोभत नाही.

आता याच्या शेजारी खान्देशचं वर्ष मांडून बघा. कॅपच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टच्या सुमारास होतात. जूनमध्ये कपाशीची लागवड झालेली असते. बियाणं, खत, निंदणी, फवारणी यात घरातला शेवटचा रुपया जमिनीत गेलेला असतो. कपाशीची वेचणी दसरा-दिवाळीला सुरू होते आणि पैसा दिसायला कधीकधी संक्रांत उजाडते. रावेर-यावलच्या केळीवाल्यांचं चक्र थोडं वेगळं, पण भाव पडला की तेही त्याच रांगेत. म्हणजे ज्या आठवड्यात कॉलेज फी मागतं, तो या भागातल्या शेतकऱ्याच्या घरातला वर्षातला सगळ्यात कोरडा आठवडा असतो. ‘पोऱ्या हुशार शे’ म्हणणारा बाप त्या आठवड्यात पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीकडे जातो, तिथं आधीची थकबाकी. मग सोनं गहाण ठेवतो, नाहीतर गावातल्या कुणाकडून महिन्याला शेकडा तीननं उचलतो. शिष्यवृत्ती आली तर ती पुढच्या वर्षी येते.

आपल्याकडे सालदार ठेवण्याची रीत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, या वर्षभराच्या शेतगड्याचं साल ठरतं, आणि ठरतं तेव्हाच वर्षाची रक्कम, धान्य, कपडे, आगाऊ उचल, सगळं बोललं जातं. त्या व्यवहारात सालदारावर अन्याय होत आला आहे, त्याचं गुणगान मी करणार नाही. तरी माणसाला वर्षभर राबवायचं तर त्याच्या घरची चूल आजपासून पेटली पाहिजे, एवढं तर गावातल्या कंजूष मालकालाही समजतं. मग विद्यार्थ्यानं वर्षभर शिकून घ्यावं, खर्च घरानं सोसावा आणि हिशेब नंतर बघू, हे राज्याला कसं सुचतं?

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला, कागदपत्रांचा जाच कुणी हौसेनं केलेला नाही. या राज्यात शिष्यवृत्तीचे घोटाळे झाले. काही संस्थांनी कागदावर विद्यार्थी दाखवून सरकारचे पैसे लाटले, आणि त्याच्या चौकशीसाठी सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. छाननी शिथिल केली तर ते पुन्हा होईल, ही भीती खरी आहे. पण त्या घोटाळ्यांत चोरी कुणी केली? संस्था चालवणाऱ्यांनी. शिक्षा कुणाला झाली? अकरावीला दिलेला दाखला बारावीनंतर पुन्हा काढणाऱ्या मुलीला. मुलगी खरंच वर्गात बसते की नाही, हे तपासायचं असेल तर कॉलेजची तपासणी करा. तिच्या बापाचं उत्पन्न तहसीलदारानं एकदा प्रमाणित केल्यावर ते तीन वेगवेगळ्या टेबलांवर तपासल्यानं कुठला चोर सापडतो?

दुसरा आक्षेप कॉलेजांचा. ‘आधी भरा, आली की परत देऊ’ असं म्हणणारा प्राचार्य दुष्ट असतोच असं नाही. तालुक्याच्या ठिकाणचं विनाअनुदानित कॉलेज शुल्क प्रतिपूर्तीवरच उभं असतं. सरकारकडून पैसे वेळेवर आले नाहीत तर प्राध्यापकांचे पगार थांबतात. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत आता केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यानं तो कॉलेजला भरायचा असतो. तो पैसा घरात दुसरीकडेच खर्च होतो, ही कॉलेजांची तक्रारही पूर्णपणे खोटी नाही. पण तो खर्च का होतो, हे कुणी विचारतं का? वर्षभर उधारीवर जगलेल्या घरात पैसा आला की आधी देणेकरी दारात उभा असतो. तोच पैसा ऑगस्टमध्ये आला असता तर कॉलेजातच गेला असता. उशीर सरकारनं करायचा आणि बेशिस्तीचा ठपका पोरावर ठेवायचा, हा न्याय कुठला? आणि पगार थांबले म्हणून कॉलेजनं मुलाचे मूळ दाखले अडकवून ठेवावेत, हे तर कुठल्याच सबबीत बसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2018 मध्येच त्याला स्पष्ट मनाई केली आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, कर्जाचा. पदवीचा फायदा ज्याला होतो त्यानंच खर्च उचलावा. शिरपूरहून पुण्याला जाऊन अभियंता झालेल्या मुलाची फी शेतमजुराच्या करातून का भरायची? हा प्रश्न मी टाळणार नाही. ज्याला चांगली नोकरी लागण्याची दाट शक्यता आहे, त्यानं कर्ज घेऊन शिकण्यात काही वावगं नाही. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या हमी निधीची सोय आहे, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभरानं सुरू होतात. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक असेल, तर त्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. ही सवलत 2009 पासून आहे. किती पालकांना ती माहीत आहे? बँकेत कर्जाची सही करतानाही पुष्कळांना तिचा अर्ज वेगळा करावा लागतो हे सांगितलं जात नाही. पीएम विद्यालक्ष्मीमध्ये विनातारण, विनाजामीन कर्ज आहे आणि 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे. पण ती देशभरातल्या निवडक संस्थांसाठी, पहिल्या यादीत 860. तळोदा किंवा पारोळ्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला तिचा उपयोग काय?

शिवाय कर्ज देताना बँक बापाचं सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, बघते. बोंडअळीनं कपाशी गेली, पीककर्ज थकलं, की मुलाचं शैक्षणिक कर्जही त्याच शेतात बुडालं असं समजा. मुलीच्या बाबतीत तर कर्जाची भाषा अजून कठीण होते. मुलाच्या नावावर चार लाखांचं कर्ज काढायला तयार असलेलं घर मुलीच्या नावावर चाळीस हजारांचं काढायला कचरतं, हे आपल्याला माहीत आहे आणि आपण ते मोठ्यानं बोलत नाही. आणि अर्ध्यातून शिक्षण सुटलं तर? पदवी हातात नाही आणि हप्ता मात्र चालू. कर्ज हे मदतीचं एक अंग म्हणून राहू द्या. ते कुठल्या मुलाला परवडेल आणि कुठल्या मुलाला बुडवेल, हे प्रवेशाआधी समोर बसवून सांगणारं कुणी नसेल, तर ते गरिबाच्या गळ्यात घालू नका.

अटींना माझा विरोध नाही, आणि त्याला इतिहासातला मोठा आधार आहे. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी, असा करार होता. अट कडक होती, आणि पुढं तिच्यापायी त्यांना त्रासही झाला. मुदत संपली तेव्हा लंडनमधलं शिक्षण अर्धवट सोडून यावं लागलं, आणि ते पुरं करायला 1920 मध्ये स्वतःची बचत, मित्राकडून कर्ज आणि शाहू महाराजांची मदत घेऊन पुन्हा जावं लागलं. पण बोटीवर पाऊल ठेवण्याआधी त्यांना रक्कम, मुदत आणि बंधन तिन्ही माहीत होतं, आणि पैसा महिन्याच्या महिन्याला मिळायचा होता. ‘न्यूयॉर्कला स्वतःच्या खर्चानं जा, वर्षभराची हजेरी आणि पावत्या आणा, मग प्रतिपूर्ती करू’ असं बडोद्यानं म्हटलं असतं, तर सुभेदार रामजींच्या मुलानं काय केलं असतं? शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका संस्थानाला जमलं ते आज संगणक, आधार आणि थेट लाभ हस्तांतरण हाताशी असलेल्या राज्याला जमत नाही, हे मी मान्य करायला तयार नाही.

‘गुणवत्तेवर द्या, गरजेवर नको’ म्हणणाऱ्यांनाही जुनं उत्तर आहे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी दिलेल्या निवेदनात शिष्यवृत्त्यांचा मुद्दा आहे. स्पर्धेनं शिष्यवृत्ती देणं दिसायला न्याय्य असलं, तरी तिचा फायदा ज्या वर्गांत शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच होतो, आणि ज्यांच्यात शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. आजची स्पर्धा गुणांची नसून माहितीची झाली आहे. ज्याच्या घरात एक जण आधी कॉलेजात गेला आहे, त्याला कुठला दाखला कधी काढायचा ते माहीत असतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून पहिल्यांदा बाहेर पडलेल्या पावरा किंवा भिल्ल मुलाला ते कुणी सांगितलेलं नसतं. दोघांना नियम सारखाच, हे बरोबर. पण हाती पडणारा पैसा सारखा नाही.

आणि फी म्हणजे सगळा खर्च, हा समज तर शाहू महाराजांनीच मोडून काढला होता. 1901 पासून कोल्हापुरात त्यांनी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचं तर आधी झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण हवं, हे त्यांनी ओळखलं. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना साने गुरुजी छात्रालय सांभाळत, आणि कुठल्या पोराची काय अडचण आहे हे त्यांना विचारावं लागत नसे. आज आपण ही सगळी जबाबदारी बँक खात्यावर सोपवली आहे. 2018 मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे खात्यात द्यायचं ठरलं, तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. शहरी वर्तमानपत्रांतून काहींनी त्यांना सुधारणेचे विरोधक ठरवलं. रोख रक्कम हातात येणं त्यांना नको का होतं? कारण खात्यात पैसे यायला दीड महिना लागला तर त्या दीड महिन्यात काय खायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

करायचं काय? बारावीच्या वर्षी, जानेवारी-फेब्रुवारीत, कनिष्ठ महाविद्यालयातच दाखल्यांची शिबिरं लावा. तलाठी आणि तहसील कार्यालयाचा माणूस तिथं बसवा. एकदा पडताळलेला दाखला शिक्षण संपेपर्यंत पोर्टलवर चालू ठेवा. फक्त उत्पन्न बदललं तर तेवढंच तपासा. कॅपचा पर्याय अर्ज भरण्याआधी प्रत्येक कॉलेजनं शिक्षण शुल्क, विकास शुल्क, वसतिगृह, मेस यांचा पूर्ण आकडा जाहीर करावा, आणि अर्ज केलेल्या प्रत्येक घराला एक पानी लेखी हिशेब द्यावा: एकूण इतके, माफ इतके, भत्ता इतका आणि अमुक महिन्यात, उरले इतके, त्यातलं कर्ज घेतलंत तर हप्ता इतका. शुल्काचा पैसा सरकारनं वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजला द्यावा, वर्षअखेरीस हजेरी तपासून जास्त गेलेला वसूल करावा. निर्वाह भत्ता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आगाऊ.

पैसा कुठून आणायचा, असं विचारणाऱ्यांनी एक हिशेब करून बघावा. रुपया तोच आहे, फक्त तारीख बदलायची आहे. 50,000 रुपये वर्षभर आधी द्यायला सरकारला सात-आठ टक्के दरानं साडेतीन-चार हजार रुपये व्याज पडेल. तेच 50,000 बापानं शेकडा तीननं उचलले तर वर्षाला 18,000 जातात. हा फरक आज खान्देशातला कापूस उत्पादक भरतो आहे, आणि कुठल्याही अर्थसंकल्पात तो दिसत नाही.

यातल्या काही गोष्टींना मंत्रालयाची वाट बघावी लागेल. एक पानी लेखी हिशेबाला मात्र लागत नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990 मध्ये याच तीन जिल्ह्यांतल्या मुलांना पुण्याला हेलपाटे घालावे लागू नयेत म्हणून झालं. संलग्न महाविद्यालयांनी प्रवेशाआधी असा हिशेब द्यावा आणि त्यासाठी एका जबाबदार माणसाचं नाव व दूरध्वनी दर्शनी फलकावर लावावा, एवढं बंधन विद्यापीठ येत्या जूनपासून घालू शकतं. सिनेटच्या पुढच्या बैठकीत हा ठराव मांडा, आणि कोण विरोधात मत देतं ते नोंदवून ठेवा.